गावच्या सभागृहाला हेम्पक्रीटच्या भिंती : विचार करावा का?

कौलारू

मंडळी, जरा लांबलचक आहे, पण सल्ला हवाय म्हणून सगळंच सांगतो.

आमचं गाव खुलताबाद तालुक्यात, वेरूळच्या अंगाला. गावच्या समाजमंदिराच्या भिंती विटांच्या आणि वर पत्रा. उन्हाळ्यात दुपारी आत कोणी टिकत नाही, ग्रामसभा बाहेर पारावर भरते. पावसाळ्यात पत्रा असा वाजतो की माईक लावूनही सरपंचांचं बोलणं कळत नाही (काहींच्या मते हा फायदाच आहे). आता ते पाडून नवं सभागृह आणि त्याला लागून वाचनालयाच्या दोन खोल्या बांधायचं घाटतंय. सभागृहाला २५१५ खाली (ग्रामविकास खात्याचं गावातल्या कामांचं लेखाशीर्ष) किंवा आमदार निधीतून पैसे मिळतील असं दिसतं. वाचनालय मात्र लोकवर्गणीतून.

भाची पुण्यात आर्किटेक्चर शिकते. तिने हेम्पक्रीटचं खूळ डोक्यात भरवलंय. भांगेच्याच जातीचं, पण नशा नसलेलं हेम्प. त्याच्या काडीची साल धाग्यासाठी सोलून घेतली की आतला लाकडी गर उरतो. त्याची कुट्टी करायची, चुन्यात कालवायची आणि फळ्यांच्या साच्यात भरून भिंत उभी करायची. भिंत भार पेलत नाही, त्यासाठी लाकडाचा, लोखंडाचा किंवा आरसीसीचा सांगाडा वेगळा लागतो. फ्रान्समध्ये नोजां-स्युर-सेन या गावात १९८६ च्या सुमारास एका जुन्या लाकडी सांगाड्याच्या घराची दुरुस्ती अशी केली, तिथून हे आधुनिक प्रकरण सुरू झालं म्हणे.

घरांबद्दल बरंच वाचायला मिळतं. मला सार्वजनिक इमारतीबद्दल विचारायचंय. शाळा, सभागृह, वाचनालय अशा ठिकाणी हे कुठे वापरलंय का? आपल्या हवेत टिकेल का? आणि सरकारी पैशात बसेल का? गावात सध्या दोन तट आहेत, त्यातला एक फक्त हसतोय.

खवचट_खंडू

ग्रामसभेला कोरम होत नाही अशी सगळीकडे ओरड असते. भिंतींतच भांग म्हटल्यावर तुमच्या गावाचा प्रश्न कायमचा मिटला.

वकीलसाहेब_नगरवाले

खंडूशेठ, हसण्यावारी नेऊ नका, कौलारूंना नोटीस यायची.

गंभीरपणे सांगायचं तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, फळधारी शेंडे. सुकलेली काडी त्यात येत नाही. त्यामुळे कोणी रीतसर पिकवलेल्या हेम्पची कुट्टी पोत्यात भरून, बिलासकट आणली तर ती बांधकामाचा माल. झाड लावणं हा मात्र वेगळा विषय. विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची सोय सरकारला ठेवली आहे. उत्तराखंडने तो रस्ता २०१८ मध्ये पहिल्यांदा धरला, नशेच्या घटकाचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत राहील या अटीवर. आपल्याकडे कोणी उत्साहाने बांधावर चार झाडं लावली तर "सभागृहासाठी लावली" हा बचाव चालणार नाही.

फिरस्ता_सदाशिव

उत्तराखंडात हे झाड रस्त्याकडेला रानोमाळ वाढतं. कुमाऊंत भांगेच्या बियांची चटणी जेवणात सर्रास असते. आमच्या ग्रुपमधले एक काका ती खाऊन तासभर "काही होतंय का" म्हणून स्वतःची नाडी बघत बसले होते. काही होत नाही. बियांत नशा नसते.

पौडी गढवालमध्ये यमकेश्वरकडे एका वास्तुविशारद जोडप्याने हेम्पचं होमस्टे बांधलंय. त्याच्या बातम्या बऱ्याच आल्या होत्या. पण ते खाजगी आहे, सार्वजनिक नव्हे.

ओव्हरसियर_निवृत्त

कौलारू, सगळी नोकरी बांधकाम विभागात गेली, म्हणून थोडं कडू लिहितो. राग मानू नका.

सरकारी कामाचं अंदाजपत्रक डीएसआरवरून, म्हणजे सरकारी दरांच्या पुस्तकावरून बनतं. ज्या बाबीचा दर त्या पुस्तकात नाही, तिचं दर पृथक्करण करायचं (माल-मजुरी फोडून दर कसा बसतो ते मांडायचं), कोटेशनं जोडायची आणि वरून मंजूर करून आणायचं. हेम्पक्रीटला आपल्याकडे आयएस कोड (भारतीय मानक) नाही. चुन्याला आहे, आयएस ७१२, पण तो नुसत्या चुन्याला. मग शाखा अभियंत्याने कशाच्या आधारावर तांत्रिक मान्यतेची फाईल पुढे सरकवायची? उद्या भिंतीचा पोपडा पडला तरी चौकशी त्याचीच. तो मुकाट्याने वीटकाम धरतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

दुसरी गोष्ट मला यापेक्षा मोठी वाटते : ऑइलपेंट. कुठलीही शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत बघा. खाली चार फुटांपर्यंत चॉकलेटी नाहीतर हिरवा ऑइलपेंटचा पट्टा, वर डिस्टेंपर. हेम्पक्रीटचं सगळं गणित भिंतीने ओल घ्यावी आणि सोडावी यावर आहे ना? तिला पाच वर्षांत कोणीतरी ऑइलपेंट फासणार, हे लिहून घ्या. वार्षिक दुरुस्तीच्या टेंडरमध्ये ती बाब आपोआप येते. एखादा पोपडा निघाला तर ठेकेदार त्यावर सिमेंटचा गिलावा मारणार. मग आत अडकलेली ओल काडी कुजवणार, आणि लोक म्हणणार मटेरियलच भिकार होतं.

तिसरं म्हणजे खिळे. सार्वजनिक भिंतीला मालक नसतो, त्यामुळे ती सगळ्यांची असते. तसबिरी, फलक, पंख्याचे स्विचबोर्ड, गणपतीतल्या झालरी, लग्नाच्या मांडवाचे दोर. तुमच्या मऊ भिंतीत खिळा धरणार का?

सह्यकडा

वरच्या प्रतिसादाला +१. ऑइलपेंटचा मुद्दा तर फ्रेम करून लावावा. (लाकडी पट्टीवर.)

मृण्मयी_स्विंडन

कौलारू, सार्वजनिक वापराची एक मोठी इमारत माझ्या घरापासून फार लांब नाही. राऊटनला जुन्या हवाई तळावर लंडनच्या सायन्स म्युझियमचा साठा आहे. तिथे २०१२ मध्ये हेम्प आणि चुन्याच्या पॅनेलचं कोठार बांधलं. मुद्दा उष्णतेपेक्षा दमटपणाचा होता. संग्रहालयातल्या वस्तूंना हवेतली आर्द्रता सारखी वर-खाली झालेली चालत नाही, लाकूड तडकतं, कागदाला बुरशी धरते. एरवी त्यासाठी यंत्रं रात्रंदिवस चालवावी लागतात. इथे ते काम बरंचसं भिंतीच करतात. हवेत ओल वाढली की शोषतात, हवा कोरडी झाली की सोडतात.

तुमच्या वाचनालयाला हे सभागृहापेक्षा जास्त लागू पडतं असं मला वाटतं.

वेल्समध्ये मकंक्लेथजवळच्या सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह टेक्नॉलॉजीची वाइझ नावाची शिक्षणाची इमारत २०१० ची. बाहेरच्या भिंती अर्धा मीटर जाड हेम्प-चुन्याच्या, आणि मधलं गोल व्याख्यानगृह ठोकलेल्या मातीचं, सात मीटरहून उंच. म्हणजे विद्यार्थी येतात-जातात, पाऊस तर विचारूच नका, आणि इमारत वापरात आहे.

ओव्हरसियरकाका, खिळ्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. भिंतीत नुसता स्क्रू धरत नाही. म्हणून भरतानाच जिथे कपाटं, फलक, स्विचबोर्ड यायचे तिथे आत लाकडी पट्ट्या टाकतात. आधी ठरवावं लागतं, नंतर सुचलं तर पंचाईत.

मंदार_नाशिक

आगीचं काय? सभागृह म्हटलं की शॉर्टसर्किट आलंच. भिंतीत वाळलेल्या काड्या भरायच्या म्हणजे...

मृण्मयी_स्विंडन

@मंदार, मोकळी कुट्टी पेटते, पण चुन्यात घोळलेली नाही. प्रत्येक तुकड्याभोवती चुन्याचा थर बसतो आणि आत हवा खेळत नाही. चाचण्यांमध्ये फूटभर जाडीच्या भिंतीने आग तासाभराहून जास्त वेळ अडवली आहे. वायरिंग मात्र पाइपातूनच घ्या, ते कुठल्याही भिंतीला लागू आहे.

सेनाकाठी

मुक्काम पॅरिसच्या पूर्वेकडचं उपनगर. इथे जवळच क्रुआसी-बोबूर नावाच्या गावात नगरपालिकेने व्यायाम-खेळाचा हॉल बांधलाय, २०२१ चा, ३८० चौरस मीटर. लाकडी सांगाडा आणि हेम्पक्रीटचे ब्लॉक. ब्लॉकची अशी ही फ्रान्समधली पहिली सार्वजनिक इमारत म्हणून तिचा गवगवा झाला. यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत.

एक, ब्लॉक कारखान्यातूनच सुकून येतात. ओली भिंत महिनोन् महिने वाळत ठेवायची भानगड नाही. दोन, आतून ब्लॉक उघडे ठेवले की त्यांचा खडबडीत पृष्ठभाग आवाज पितो. खेळाच्या हॉलमध्ये एरवी कसा घुमारा असतो माहितेय ना? तुमच्या ग्रामसभेचा माईक कळायला लागेल, हा धोका पत्करायची तयारी ठेवा. बाहेरून मात्र त्यांनी सिमेंटचे तक्ते लावलेत, पावसापासून राखायला.

आणि ओव्हरसियरसाहेबांनी जी अडचण मांडली ना, अगदी तीच इथेही होती. फ्रान्समध्ये बांधकामाची दहा वर्षांची जबाबदारी कायद्याने ठेकेदारावर असते आणि तिचा विमा सक्तीचा. विमावाले विचारायचे, नियम कुठे आहेत? मग हेम्पवाल्यांच्या संघटनेने, गवंडी, वास्तुविशारद, शेतकरी सगळ्यांनी बसून २००७ मध्ये मिश्रणाचे, जाडीचे, वाळवण्याचे लेखी नियम काढले. त्यानंतर नगरपालिका अशा कामांना हात लावायला धजावल्या. झाड आधीपासून होतंच. युरोपात सर्वांत जास्त हेम्प फ्रान्समध्येच पिकतं.

जर्सीकर_पराग

अमेरिकेतही घरांच्या नियमावलीत २०२४ च्या आवृत्तीपासून हेम्प-चुन्यासाठी परिशिष्ट आलंय. पण ती नियमावली एक-दोन कुटुंबांच्या घरांपुरती. सार्वजनिक इमारतीला वेगळी मंजुरी घ्यावी लागते. मिनेसोटात लोअर सू या मूलनिवासी समाजाने स्वतः हेम्प पिकवून, स्वतः कुट्टी करून आपल्या लोकांसाठी घरं बांधायला घेतली आहेत. शेत, गिरणी आणि गवंडी, तिन्ही एकाच समाजाचे. मला हे फ्रेंच हॉलपेक्षा जास्त आवडलं.

चुनखडी

जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीची कामं करते, त्यामुळे इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. सगळे हेम्पवर बोलताय. अहो, या भिंतीत वजनाने एक भाग कुट्टी असेल तर दीड ते दोन भाग चुना असतो. खरा पदार्थ चुना आहे! आणि आपल्याकडे चुना हाताळणारा गवंडी आता दिवा घेऊन शोधावा लागतो.

बाजारात पिशवीतला जो चुना मिळतो त्याचा भरवसा नाही, कधी बारीक खडी निघते, कधी शिळा. कळीचा चुना आणून स्वतः विरवायचा तर जागा, पाणी आणि धीर लागतो. विरवताना तो रटरट उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. आमच्याकडे नवीन पोरांना पहिल्या दिवशी चष्मा आणि हातमोजे दिल्याशिवाय टाकीजवळ जाऊ देत नाही.

दुसरं, नुसता साधा चुना फार सावकाश घट्ट होतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत. म्हणून युरोपात पाण्याने घट्ट होणारा चुना वापरतात. आपल्याकडे सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालायची जुनी पद्धत आहेच. त्यातही गोम अशी की हेम्पची कुट्टी पाणी अधाशासारखी पिते. पाणी कमी पडलं तर चुना घट्ट होण्याऐवजी भुगा होऊन गळतो, जास्त झालं तर भिंत वाळतच नाही. मूठ दाबून बघायचं : गोळा व्हायला हवा, पण बोटांमधून पाणी निथळता कामा नये.

भरताना गवंड्यांची सवय आड येते. काँक्रीटसारखं धुमसून भरलं की मधली हवा जाते आणि भिंत जड, गरम होते. हाताने पसरायचं, कडेला जरा दाबायचं, बस्स. हे समजावणं कठीण, कारण जोर लावला नाही तर काम केल्यासारखं वाटत नाही.

कौलारू

@चुनखडीताई, फार उपयोगी. एक विचारायचं राहिलं. आमच्या शेजारच्या वेरूळच्या लेण्यांत भांग सापडली ना? गावात मी तोच मुद्दा पुढे करतोय. हजार-दीड हजार वर्षं टिकलंय म्हणजे आणखी काय पुरावा पाहिजे?

चुनखडी

तो पुरावा जपून वापरा. पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंग आणि तिथल्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनी २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये ते प्रसिद्ध केलं. १२ व्या क्रमांकाच्या लेण्यातल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तुकडे मिळाले, साधारण दहा टक्के. देवगिरी किल्ल्यावरही मिळाले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथे किडींनी बरंच नुकसान केलंय, म्हणून भांगेमुळे वेरूळचा गिलावा वाचला असं त्यांचं म्हणणं.

पण तो गिलावा आहे, खडकावर चढवलेला, लेण्याच्या सावलीत. भिंत नव्हे. तुमच्या सभागृहाला पश्चिमेचा पाऊस थेट लागणार. वेरूळवरून एवढंच म्हणता येईल की या मातीतल्या कारागिरांना ही काडी कीड लागू देत नाही हे ठाऊक असावं. हेम्पक्रीट टिकेल याची हमी त्यातून निघत नाही.

खवचट_खंडू

म्हणजे आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं हे वाक्य या धाग्यावर येणार नाही तर! वाईट वाटलं.

सई_औसेकर

मी लातूरकडची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या भागात जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. माणसं मेली ती घराखाली. दोन-दोन फूट जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद (लाकूड-मातीचं सपाट छत), त्यावर दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा आणखी एक थर. तो बोजा वर्षानुवर्षं वाढत गेलेला.

माळवदाचं घर उन्हाळ्यात गार असायचं, हे खरंच. भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या घरांत आम्हाला जीव सुरक्षित मिळाला, पण मे महिन्यात दुपारी आजी अंगणातल्या लिंबाखालीच बसायची. गारवा हवा तर जड भिंत, आणि हलकी भिंत घेतली तर भट्टी, असंच आम्ही धरून चाललो होतो. म्हणून हे हेम्पक्रीट वजनाला किती असतं ते सांगाल का कोणी?

ओव्हरसियर_निवृत्त

सईताई, वीटकाम घनमीटरला अठराशे-एकोणीसशे किलो धरतात. हेम्पक्रीट तीनशे ते चारशे. म्हणजे नऊ इंची विटेची भिंत चौरस मीटरला सव्वाचारशे किलोच्या पुढे जाते, तेवढ्याच जागेत फूटभर जाड हेम्पक्रीट शंभर-सव्वाशे किलो. सांगाड्यावरचा भार खूपच कमी होतो, त्यामुळे भूकंपाचा धक्काही कमी बसतो. हा मुद्दा मला मान्य. आणि उष्णता अडवण्यात ते विटेच्या कित्येक पट पुढे आहे, हेही आकडे सांगतात.

पण कौलारू, तुमची इमारत एकमजली आहे. एकमजली इमारतीत दुपारचं ऊन भिंतीपेक्षा छतातून जास्त येतं. वर पत्रा तसाच ठेवून भिंती सोन्याच्या केल्यात तरी आत भाजणारच. आधी छताचं बोला.

चुनखडी

काकांशी शंभर टक्के सहमत. (हे पहिल्यांदाच होतंय.) छतासाठी याच मिश्रणाचा अजून हलका प्रकार करतात, चुना कमी, दाबायचं जवळजवळ नाहीच. खाली लाकडी किंवा सिमेंटचे तक्ते, वर तो थर, मग हवा जायला फट आणि सर्वांत वर कौल नाहीतर पत्रा. पत्र्याचा आवाजही मरतो.

लालमाती

आम्ही सावंतवाडीकडचे. आमच्याकडे चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथे ही भिंत कधी वाळायची? गोव्यात, कोकणात शिंपल्यांचा चुना पिढ्यान् पिढ्या वापरला. पण तो चिऱ्यावर (जांभ्या दगडावर), काडीवर नाही.

मृण्मयी_स्विंडन

@लालमाती, ओतीव भिंत वाळायला इथेही दोन-तीन महिने सहज लागतात, आणि गिलावा त्यानंतर. मराठवाड्यात दिवाळीनंतर भरली तर शिमग्यापर्यंत कोरडी व्हावी. कोकणात मला वाटतं ब्लॉकच बरे. शिवाय जोतं उंच आणि पागोळ्या भिंतीपासून लांब. खालून उडणारं पाणी हा या भिंतीचा खरा शत्रू. जोत्याला दगड किंवा चिराच हवा.

सुमेध_केपटाऊन

केपटाऊनमध्ये बारा मजली इमारत आहे, हेम्पच्या ब्लॉकची. अर्थात सांगाडा आरसीसी. जगातली सर्वांत उंच म्हणून मिरवतात. निवासी आहे, ग्रामसभा भरत नाही.

बोंडअळी

यवतमाळकर. आयडी बघून हसू नका, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

एवढा सगळा धागा वाचला. उत्तराखंडातून ट्रक भरून काड्या मराठवाड्यात आणायच्या? भाडं कोण भरणार? कुट्टी हलकी, म्हणजे ट्रक भरतो पण वजन भरत नाही, हवेचंच भाडं द्यायचं. इकडे आमच्या वावरात दर वर्षी पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे ढीग. चुलीत जातात नाहीतर बांधावर पेटवतात. शेंदरी बोंडअळी त्यांच्यावर उरलेल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामाला येते, म्हणून कृषी खातं दर वर्षी सांगतं की ढीग लावून ठेवू नका, श्रेडर मारा. तुराट्यांचं, म्हणजे तुरीच्या काड्यांचं तसंच. आमच्या आजोबांच्या घराला तुराट्यांचे कूड होते, वरून शेणामातीचा गिलावा. हेम्पच्या काडीत असं काय सोनं आहे जे पऱ्हाटीत नाही?

ऊसपट्टा

याला जोडून : लंडनच्या एका विद्यापीठाने, युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट लंडनने, २०२३ मध्ये उसाच्या चिपाडाचे ब्लॉक काढलेत, शुगरक्रीट नावाने. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे लगेच फॉरवर्ड फिरले की आता कारखाने घरं बांधणार. पण चिपाड आमच्याकडे फुकट पडलेलं नसतंच. कारखान्याच्या बॉयलरला तेच जळण, त्यावर वीज करून विकतात. ज्याला टाकाऊ समजता त्याला आधीच गिऱ्हाईक आहे. पऱ्हाटीला तसं गिऱ्हाईक कमी, त्यामुळे बोंडअळीभाऊंच्या मुद्द्यात दम आहे.

चुनखडी

@बोंडअळी, प्रश्न अगदी योग्य जागी विचारलात. हेम्पच्या गराचं वैशिष्ट्य म्हणजे तो अतिशय पोकळ, स्पंजासारखा, म्हणून उष्णता अडते. पऱ्हाटी जास्त लाकडी, जड. उष्णता अडवण्यात ती मागे पडेल, पण विटेच्या पुढे असेल असा माझा अंदाज. शिवाय काही काड्यांतली साखर आणि रस चुन्याला घट्ट होऊ देत नाहीत, हे प्रत्येक पिकाला वेगळं. त्यामुळे करून बघण्याला पर्याय नाही. आपल्या कुडात आणि या भिंतीत फरक मातीऐवजी चुना आणि जाळीऐवजी कुट्टी एवढाच मोठा आहे, बाकी विचार तोच.

मंदार_नाशिक

वाळवी? उंदीर?

चुनखडी

चुना असेपर्यंत वाळवीला या भिंतीत रस नसतो. सांगाडा लाकडाचा असेल तर त्याची काळजी घ्या. उंदीर कुठल्याही भिंतीत वाट काढतो, जोतं आणि छताचा सांधा नीट बंद करा.

कौलारू

सगळ्यांचे प्रतिसाद प्रिंट काढून पंचायतीत ठेवले. हसणाऱ्या तटातले दोघेजण खंडूंचे वाचून आणखी हसले, पण सईताईंचा प्रतिसाद वाचल्यावर गप्प झाले.

परवाच्या बैठकीत जे ठरलं ते सांगतो. सभागृह सरकारी पैशाचं असल्यामुळे डीएसआरप्रमाणेच होईल, आरसीसी आणि वीट. फक्त पत्र्याखाली तक्ते आणि मध्ये काहीतरी उष्णता अडवणारा थर, एवढं शाखा अभियंत्यांनी मान्य केलंय. वाचनालयाच्या दोन खोल्या आमच्या वर्गणीच्या आहेत, तिथे कोणाची तांत्रिक मान्यता आड येत नाही. त्या लोखंडी सांगाड्यात काडी-चुन्याच्या करायच्या. हेम्प आणायचं भाडं काढलं आणि तो नाद सोडला, तुराट्या गावात हव्या तेवढ्या आहेत.

ऑइलपेंटबद्दल ठराव करून इतिवृत्तात घेतलाय : वाचनालयाच्या भिंतीला चुन्याच्या सफेदीशिवाय काहीही लावायचं नाही. ठराव मांडला रंगाचं दुकान असलेल्या सदस्यानेच, त्यामुळे विरोध करायला कोणी उरलं नाही.

ओव्हरसियर_निवृत्त

बरं केलंत. पुढच्या सरपंचाला तो ठराव माहीत नसणार, तेव्हा भिंतीवरच लिहून ठेवा. आणि एक करा. खोल्या बांधताना सगळी नोंद ठेवा, मिश्रणाचं माप, वाळायला लागलेले दिवस, खर्च. उन्हाळ्यात दोन्ही इमारतींत साधा तापमापक टांगून दुपारचे आकडे वहीत लिहा. केंद्र सरकारच्या बीएमटीपीसीकडे नव्या मटेरियलला कामगिरीचं प्रमाणपत्र द्यायची योजना आहे, रुरकीला सीबीआरआय ही इमारत संशोधन संस्था आहे. त्यांच्याकडे जायचं तर हाती आकडे लागतात. "गार वाटतं" याला दर पृथक्करणात रकाना नाही.

कौलारू

काका, नोंदवही भाचीच्या गळ्यात मारतो, तिला प्रोजेक्टही मिळेल. @चुनखडीताई, तुराट्यांची कुट्टी किती बारीक करायची? गावात कडबाकुट्टीचं यंत्र आहे.

चुनखडी

एक ते अडीच सेंटीमीटर. पीठ होऊ देऊ नका, धूळ चाळणीने काढून टाका, नाहीतर ती सगळं पाणी आणि चुना खाऊन टाकते. काड्या पूर्ण वाळलेल्या, बुरशी न लागलेल्या घ्या. कुट्टी झाल्यावर आधी खोलीला हात लावू नका. दोन-तीन वेगवेगळ्या मापांचे फूट-फूटभराचे ठोकळे करा, पत्र्यावर न ठेवता सावलीत विटांवर ठेवा, म्हणजे खालूनही वारा लागेल. महिन्याभराने तोडून आतला गाभा बघा. तो दमट आणि काळपट असेल तर तुराटी चुन्याला साथ देत नाहीये. मग सुरखी वाढवून पुन्हा करा.

बोंडअळी

कडबाकुट्टीत तुराटी घालताय तर पातं आधी बघून घ्या, बुडख्याकडची काडी फार टणक असते. आम्ही शेंडेच घालतो. आणि ताई, मीही चार ठोकळे पऱ्हाटीचे करतोय, बोंडं झाडून घेऊन. सुरखी आमच्याकडे मिळत नाही. वीटभट्टीवरचा चुरा चालेल का?

चुनखडी

कमी भाजलेल्या, पिवळट विटांचा असेल तर चालतो, काळ्या पडलेल्या जळक्या विटांचा नको. पिठासारखा दळून घ्या.